पाळकांवरचा विश्वास उडाला, तर प्रार्थना कशी करता?

पेरूची_फोड (रविवार, रात्री १०:०५)

सलाम सगळ्यांना. ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहा, फक्त आधी पूर्ण वाचा. (पाळक म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू.)

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. (हो, आता अहिल्यानगर. तोंडात नगरच येतं.) चर्च मिशनच्या काळातलं, दगडी, वर मंगलोरी कौलं. कौलं गळतात म्हणून सहा वर्षांपूर्वी छप्पर फंड सुरू झाला. आई ७४ वर्षांची. पेन्शनमधून कधी पाचशे, कधी हजार देत राहिली. पावत्या बायबलात ठेवते. स्तोत्रसंहिता उघडली की निम्म्या पानांत पावत्या.

मी पतसंस्थेत हिशोबाचं काम करते. नाताळात घरी गेले होते तेव्हा त्या पावत्या चाळत होते, शेजारच्या मावशी त्यांची घेऊन आल्या. दोन्हींचा नंबर १४३. तारीख वेगळी, रक्कम वेगळी, सही एकच. मग आणखी चार घरी विचारलं. पावतीपुस्तकं दोन होती: एक चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीच्या कपाटात, दुसरं पाळकसाहेबांच्या बॅगेत.

कमिटीसमोर त्यांनी कबूल केलं, रडले, कर्जाचं सांगितलं. कमिटीने प्रार्थना केली, माफ केलं, विषय संपला. पुढच्या रविवारी उपदेशाला तेच पुलपिटवर. मी हिशोब मागितला तर एक पंच म्हणाले, "बाई, अभिषिक्ताला हात लावू नये." अभिषिक्त म्हणजे देवाने नेमलेला.

इथपर्यंत राग आहे, तो मला झेपतो. न झेपणारी गोष्ट दुसरीच. बाबा सिव्हिलमध्ये होते तेव्हा हेच पाळक अकरा रात्री त्यांच्या उशाशी बसले. मी सात वर्षांची असताना प्रार्थना करायला शिकवलं ते यांनीच. "देवाला छान छान सांगू नकोस, मनात आहे ते सांग," म्हणायचे. आता डोळे मिटले की हा त्यांचाच आवाज ऐकू येतो आणि मी डोळे उघडते. चार महिने चर्चला गेले नाही. आई जाते, आणि अर्पणही टाकते!

माझा बाप्तिस्मा, लग्न, बाबांचा दफनविधी, सगळं त्यांनी केलं. ते सगळं खरं होतं का? तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर काय केलंत?

नगरी_चहा

आमच्याकडे २५ वर्षांत सहा पाळक बदलले. गळकं छप्पर तेच आहे. त्यामुळे विश्वास ठेवायचाच तर छपरावर ठेवावा म्हणतो.

बाकी वाईट वाटलं वाचून. चहा टाकतो, बसा.

स्पष्टवक्ता_पुणे

यात नवीन काय? सगळ्या धर्मांत हेच. बुवा, महाराज, फादर, मौलवी. दुकान बंद करा, घरी बसा, पुस्तकं वाचा. विषय संपला.

रानजाई

@स्पष्टवक्ता, पंचकमिटीही "विषय संपला" म्हणाली आणि तुम्हीही. दोघांना घाई कसली?

स्पष्टवक्ता_पुणे

😀 हे बरोबर बसलं. गप्प बसतो, वाचतो.

वाडीवाला_वसई

ताई, मी कॅथलिक. आमच्याकडे पाळकांऐवजी फादर आणि उपासनेऐवजी मिस्सा. पण "बाप्तिस्मा खरा होता का" हा प्रश्न तुमच्या आधी सोळाशे वर्षांपूर्वी लोकांनी विचारलाय, म्हणून थोडं लांबण लावतो.

चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमी सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा छळ केला. शिपाई यायचे, पवित्र ग्रंथ द्या म्हणायचे. उत्तर आफ्रिकेतल्या काही धर्मगुरूंनी जिवाच्या भीतीने दिले. छळ थांबल्यावर हेच लोक परत वेदीवर उभे. एक मोठा गट म्हणाला, यांच्या हातचा बाप्तिस्मा आम्ही मानत नाही, पुन्हा घ्या. दोनातुस नावाच्या बिशपवरून त्यांना दोनातिस्ट म्हणतात. हे भांडण शंभर वर्षांहून जास्त चाललं.

तिथलेच एक बिशप संत ऑगस्टिन, त्यांचं उत्तर असं: बाप्तिस्मा येशूचा पट्टशिष्य पेत्राने दिला काय किंवा येशूला पकडून देणाऱ्या यहूदाने दिला काय, देणारा ख्रिस्तच. त्याने दाखला दिलाय दगडी पाटाचा. विहिरीचं पाणी दगडी पाटातून वाफ्यात जातं. दगडात काही उगवत नाही, पण वाफा भिजतो.

मी वाडीवाला माणूस. आजोबांच्या वेळी रहाट होता आणि असाच पाट होता, केळीपर्यंत गेलेला. आता मोटर आणि पाइप आहेत, पाटाचा एक तुकडा विहिरीपाशी राहिलाय. त्यावर शेवाळ सुद्धा धरत नाही उन्हाळ्यात. पण केळी मी खाल्लीत, ती खरी होती.

तुमचा बाप्तिस्मा खरा. लग्नही खरं (नवऱ्याला सांगा, सुटका नाही).

मिरजेची_संडेस्कूलटीचर

वाडीवाले दादांशी सहमत. प्रॉटेस्टंटांनाही परकं नाही हे. अँग्लिकन मंडळीच्या (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या) ३९ श्रद्धाकलमांतलं २६वं कलम नेमकं यावरच आहे: सेवकाच्या नालायकीने संस्काराचा परिणाम जात नाही. पण त्याच कलमाच्या शेवटी लिहिलंय की वाईट सेवकांची चौकशी व्हावी आणि दोषी ठरले तर त्यांना काढावं. पहिला भाग सगळ्यांना पाठ, दुसरा कुणी वाचत नाही. १९७० साली नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं त्यात अँग्लिकनही मिळाले, म्हणजे हा वारसा आपलाही आहे.

"प्रार्थना त्यांनीच शिकवली" याबद्दल मला वेगळं लिहायचंय. स्वयंपाक उरकून येते.

धुकं_धुकं

पाटाचा दाखला गोड आहे, पण पाटात सांडपाणी सोडलं असेल तर?

माझ्या वडिलांना डायबेटिस. चाळीच्या मागे पत्र्याच्या हॉलमध्ये एक प्रार्थनासभा चालायची, कुठल्याच मोठ्या मंडळीशी न जोडलेली. तिथल्या पास्टरने सांगितलं, गोळ्या चालू म्हणजे विश्वास कमी. वडिलांनी साडेतीन महिने गोळ्या घेतल्या नाहीत. पायाला जखम झाली, ती चिघळली. दोन बोटं गेली, मग पाऊल. आम्ही हॉस्पिटलात असताना तो भेटायला आला आणि म्हणाला, घरात कुणाचं तरी पाप लपलेलं आहे. घरात कॉलेजला जाणारा मी एकटाच. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

वाफा भिजला म्हणू नका, वाफा मेला.

मी आता कुठल्याच चर्चला जात नाही.

वाडीवाला_वसई

@धुकं_धुकं, माफ करा. तुम्ही लिहिलंत त्याला माझ्याकडे दाखला नाही. ऑगस्टिन बोलत होता ते संस्कारांबद्दल, माणसाच्या शिकवणीबद्दल नव्हे. खोटी शिकवण विषच असते. असला पाट फोडायचाच.

बाबा कसे आहेत आता?

धुकं_धुकं

जयपूर फूट आहे. चालतात. संध्याकाळी कट्ट्यावर बसून सगळ्यांना सांगतात, गोळ्या वेळेवर घ्या रे.

ठाकूरद्वारची_लेक

जाता जाता: येशूने आंधळ्याला बरं केलं तेव्हा शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? योहान ९. तो म्हणाला, याचंही नाही, आईबापाचंही नाही. त्या पास्टरने तेवढा अध्याय तरी वाचायचा होता.

पाळकाची_पोर

मी दुसरी बाजू मांडते, शिव्या पडल्या तरी चालतील.

मी पाळकाच्या घरात वाढले. दर काही वर्षांनी बदली. शाळा नवी, घर मिशन कंपाउंडातलं पडकं. पगार इतका की किराणा उधारीवर आणि दुकानदार आपलाच सभासद, म्हणजे रविवारी उपदेश त्यालाच करायचा. रात्री दोनला दार वाजायचं, कुणी गेलेलं असायचं, वडील स्वेटर चढवून निघायचे. ताप असला तरी. आईने कधी नवीन साडी नेसली की पुढचे दोन रविवार चर्चा.

मंडळीला पाळक देवदूत हवा असतो आणि पगार मात्र मिळालाच तर. "साहेब" म्हणायचं, पाया पडल्यासारखं वागायचं, आणि कर्ज झालं तर ते कुणाला सांगायचं याची सोय नाही. या पाळकांनी चोरी केली, ती चोरीच. पण कर्ज झालं तेव्हा जाऊन विचारणारं एक तरी माणूस होतं का?

नगरी_चहा

@पाळकाची_पोर, शिव्या नाही, चहाचा दुसरा कप तुम्हाला.

पेरूची_फोड

@पाळकाची_पोर, हे वाचून मी मोबाईल खाली ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले. त्यांच्या मोठ्या मुलीच्या लग्नाचं कर्ज होतं. आम्ही सगळे जेवून आलो होतो त्या लग्नात. मटण, पुरणपोळी, बँड.

पुस्तकी_किडा

मी ख्रिस्ती नाही, पण लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तीनदा वाचलीत, म्हणून बोलायचा हक्क मागतो.

लक्ष्मीबाईंचे यजमान ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता. संसार मोडला. लक्ष्मीबाईंची पुढची वर्षं नातेवाइकांकडे, लोकांचं ऐकत गेली. शेवटी १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या, नवऱ्याच्या दबावाने नव्हे, स्वतःच्या विचाराने. आणि पुस्तकात त्यांनी टिळकांना अजिबात सोडलेलं नाही. त्यांचा संताप, लहर, घरात उद्याचं धान्य नसताना हातात असेल ते कुणालाही देऊन टाकणं, सगळं आहे. हसत हसत लिहिलंय, पण लिहिलंय. मराठीतला एवढा मोठा ख्रिस्ती कवी, आणि बायकोच्या नजरेतून पाहिला की चपला विसरणारा माणूस.

मला वाटतं पेरूताईंच्या आईला हे जमलेलं असावं. माणूस पूर्ण बघायचा आणि तरी रविवारी जायचं.

रानजाई

टिळकांचा विषय काढलातच तर हेही लिहा की शेवटी त्यांनी मिशनची नोकरी सोडली. १९१७ साली 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. दोन वर्षांनी गेले. म्हणजे संस्थेवर नाराज होऊन बाहेर पडलेला माणूस, पण ख्रिस्तापासून तसूभर हलला नाही. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे, पूल काही त्यांनी तोडला नाही.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या सिस्टरांशी नि धर्माधिकाऱ्यांशी वाद सुरू. त्यांचं म्हणणं साधारण असं, की भटजींच्या जोखडातून आत्ता कुठे मान सोडवलीय, ती दुसऱ्या जोखडात का घालू? त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकवणार होत्या, तर बाईने पुरुषांना शिकवावं की नाही यावर बिशपांची पत्रापत्री. रमाबाई ठाम राहिल्या. पुढे केडगावला मुक्ती मिशन (दौंड तालुक्यातलं केडगाव, नगरजवळचं नव्हे, लोक चुकतात) आणि हिब्रू-ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर. १९२२ साली मरेपर्यंत त्याच कामात.

स्पष्टवक्ता_पुणे

गप्प बसणार होतो, पण एक विचारतो. टिळक, रमाबाई सगळे मोठे. साध्या माणसाने काय करायचं? त्याला ना दरबार काढता येतो ना हिब्रू.

मिरजेची_संडेस्कूलटीचर

आले. भाकऱ्या झाल्या. स्पष्टवक्ते, साध्या माणसाचीच गोष्ट सांगते. साधं पोरच ते.

बायबलातलं १ शमुवेल काढा. एली हा शिलोच्या मंदिराचा म्हातारा याजक, म्हणजे पुरोहित. त्याची पोरं हफनी आणि फिनहास, तीही याजक, आणि दोघं नालायक. लोक यज्ञाचं मांस शिजवत असले की यांचा नोकर तीन काट्यांचा आकडा घेऊन यायचा, भांड्यात खुपसायचा, वर येईल ते यांचं. पुढे तर शिजवायच्या आधी कच्चंच मागायला लागले, नाही दिलं तर हिसकावून. दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या बायकांशीही त्यांचं वागणं वाईट. एली त्यांना बोलला, पण हटवलं नाही. पंचकमिटीसारखंच.

अशा ठिकाणी हन्ना येते. मूल नाही म्हणून रडत, ओठ हलवत प्रार्थना करते. आणि एलीला वाटतं बाई दारू प्यायलीय! याजकाला प्रार्थना ओळखता येत नाही. पण देवाने ऐकली.

आता पेरूताई, तुमची गोष्ट. हन्नाचा पोरगा शमुवेल याच एलीकडे वाढला. रात्री हाक आली, तर पोरगा तीनदा एलीकडे धावला, "तुम्ही बोलावलंत ना?" तिसऱ्या वेळी एलीच्या लक्षात आलं. त्यानेच शिकवलं, पुन्हा हाक आली तर म्हण, बोल, तुझा दास ऐकत आहे. देवाशी बोलायचं कसं हे शमुवेल त्या डोळे गेलेल्या, पोरांना न आवरलेल्या म्हाताऱ्याकडून शिकला.

आणि त्या शिकलेल्या प्रार्थनेला देवाकडून आलेलं पहिलं उत्तर काय? एलीच्या घराचा न्याय होणार, हे.

पोरगा सकाळपर्यंत पडून राहिला. उठून मंदिराची दारं उघडली आणि सांगायला घाबरला. तेव्हा एलीनेच सांगितलं, माझ्यापासून काही लपवू नकोस.

४१ वर्षं संडेस्कूल घेतलं मी. मुलांना नेहमी "बोल, तुझा दास ऐकत आहे" इथे गोष्ट संपवून खाऊ वाटायचे. पुढचा भाग सांगायचे नाही, मुलं लहान आहेत म्हणून. आता वाटतं सांगायला हवा होता.

"मनात आहे ते सांग" असं तुमचे पाळक म्हणाले ना? मग सांगा की. देवालाही आणि त्यांनाही.

ठाकूरद्वारची_लेक

टीचर 🙏

"अभिषिक्ताला हात लावू नका" यावरही कुणीतरी बोला. आमच्याकडे कमिटीत कुणी बिल मागितलं तरी हे वचन निघतं.

मिरजेची_संडेस्कूलटीचर

बायबलातलं १०५वं स्तोत्र. तिथे अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब. मूठभर परदेशी भटकी माणसं, आणि ताकीद दिलीय ती राजांना. दुबळ्यांना बलवानांपासून वाचवणारं वचन आहे ते. आपण उलटं करून पुलपिटवरच्याला देतो.

शौल राजा जिवावर उठला होता तरी अभिषिक्त म्हणून दावीदाने त्याला मारलं नाही, खरंय. पण गुहेतून बाहेर येऊन, शौलाच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून, मोठ्याने सगळं सुनावलं. आणि दावीद स्वतः राजा झाल्यावर चुकला तेव्हा नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितलं, तो मनुष्य तूच आहेस. दावीद अभिषिक्त नव्हता का? १ तीमथ्य ५ तर स्पष्टच: मंडळीच्या वडिलावर (म्हणजे पुढाऱ्यावर) आरोप घ्यायचा तर दोन-तीन साक्षीदार हवेत, आणि दोषी ठरला तर सर्वांदेखत दोष दाखवायचा. ताईंकडे सहा घरच्या पावत्या आहेत.

आखातातला_सोलापूरकर

दुबईतून. माझा अनुभव पैशांचा नाही.

रवी झकरायस. ख्रिस्ती धर्मोपदेशक, चेन्नईत जन्मलेले, जगभर व्याख्यानं. मी इंजिनिअरिंगला असताना विश्वास सुटत चालला होता, यांच्या व्हिडिओंनी धरून ठेवला. तीन वह्या भरल्या होत्या त्यांच्या बोलण्याच्या. मे २०२० मध्ये गेले तेव्हा मी रडलो. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला. अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण. सगळ्यात लाज कसली वाटली सांगू? २०१७ साली एका बाईने आवाज उठवला होता, यांनी तिच्यावरच दावा लावला, आणि मी तेव्हा इथल्या ग्रुपवर लिहिलं होतं की सैतान मोठ्या सेवकांवर हल्ले करतो. मी. माझ्या हाताने.

वह्या फेकल्या नाहीत. त्यांतली नुसती वचनं एका नव्या वहीत उतरवली, बाकीचं फाडलं. तीन वह्यांच्या मजकुरातून साडेचार पानं राहिली.

रानजाई

ती साडेचार पानं कुणाचीच उधारी नव्हती.

कायदेकानू

भावनिक चर्चा चालू द्या, मी कोरडं लिहितो.

चर्चचा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदलेला असेल तर दरवर्षी हिशोबाचं ऑडिट लागतं. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. सभासद हा हितसंबंधित माणूस असतो, तो धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करू शकतो. आधी लेखी हिशोब मागा, पोच घ्या. पावत्यांच्या मूळ प्रती कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. चर्चची जागा मालकीने कुणाच्या नावावर आहे तेही बघून ठेवा. मिशनच्या जमिनी बऱ्याचदा वेगळ्याच ट्रस्टच्या नावावर असतात.

आणि ज्यांच्याकडे विषय लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचा आहे त्यांच्यासाठी: पॉक्सो, २०१२, कलम १९. माहीत असूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. तिथे "आधी प्रार्थना करू, मग बघू" नाही. कॅथलिक चर्चनेही २०१९ साली पोपच्या आदेशाने अशी तक्रार चर्चच्या वरिष्ठांना कळवणं धर्मगुरूंना बंधनकारक केलंय.

वाडीवाला_वसई

+१. पण एक चांगलंही लिहू द्या, नाहीतर इथले वाचक समजतील सगळे फादर असेच. आमच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. 'हरित वसई'च्या चळवळीत गुंडांच्या धमक्या असताना पुढे उभे राहिले, 'सुबोध बायबल' मराठीत आणलं, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये गेले तेव्हा ख्रिस्ती नसलेले लोकही रांगेत होते.

स्पष्टवक्ता_पुणे

ते मलाही आवडायचे. पण चांगल्या माणसामुळे देव खरा ठरत असेल तर वाईट माणसामुळे खोटाही ठरेल की. दोन्हीकडून नाही खाता येणार.

वाडीवाला_वसई

हम्म. बरोबर पकडलंत. मग दिब्रिटोंना देवाचा पुरावा म्हणून मांडत नाही. आमच्याकडे पाणी आलं एवढंच.

नगरी_चहा

स्पष्टवक्ते हळूहळू पंचकमिटीवर घ्यायच्या लायकीचे होत चाललेत.

संचालक

धागा चांगला चाललाय. दोन प्रतिसाद उडवले आहेत, त्यांत गावाचा आणि व्यक्तीचा अंदाज येईल असा मजकूर होता. नावं नकोत. धर्मांतरावरचा वाद वेगळ्या धाग्यावर न्या.

धुकं_धुकं

रात्री झोप नाही म्हणून पुन्हा सगळं वाचलं.

मी चर्चला जात नाही म्हणालो, ते खरंय. पण विरार लोकल दादर सोडते तेव्हा मी डोळे मिटतो. "आमच्या बापा" ही येशूने शिकवलेली प्रार्थना पूर्ण होईपर्यंत साधारण माटुंगा रोड येतं. कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही.

पाळकाची_पोर

@धुकं_धुकं, फास्ट पकडली तर दोनदा म्हणावी लागेल.

धुकं_धुकं

😂 फास्टला डोळे मिटायला जागा नसते.

पेरूची_फोड (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, कारण मध्ये मंडळीची वार्षिक सभा होती.

आधी मी पाळकांच्या घरी गेले. एकटी. मत्तय १८मध्ये आधी एकट्याने जायला सांगितलंय ना. त्यांच्या मिसेसनी दार उघडलं, पाणी दिलं. मी सगळं पाठ करून गेले होते, एक वाक्य आठवेना. शेवटी म्हणाले, तुम्ही बाबांजवळ बसला होतात आणि आईचे पैसेही घेतलेत, मला या दोन्हींचं काय करायचं ते कळत नाही. ते काही बोलले नाहीत. खूप वेळाने म्हणाले, मलाही नाही कळत.

माफी मागितली नाही. मला मागायला हवी होती. अजून राग आहे, लपवत नाही.

मग सभा. कायदेकानूंनी सांगितलं तसं लेखी पत्र नेलं होतं, झेरॉक्स जोडून. मी उठायच्या आत आईच उठली. बायबल उघडून एकेक पावती काढून टेबलावर मांडली. सतरा. त्याच पंचांनी अभिषिक्त वगैरे सुरू केलं. आई म्हणाली, "पैसे मी देवाला दिले, ते त्याला पोचले. पण पावती तुम्ही दिलीत, हिशोब तुम्ही द्या." आणि खाली बसली. दोघेजण रागाने निघून गेले. बाकीच्यांनी ठराव केला: बाहेरचा ऑडिटर, आणि हिशोब पूर्ण होईपर्यंत पाळकांनी पुलपिटवर यायचं नाही. डायोसिसला (बिशपच्या कार्यालयाला) पत्र गेलंय. पाळकाची_पोर, तुमच्यामुळे मी एक मुद्दा घातला, पाळकांचा पगार दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत व्हावा. पुढे येतील त्यांच्यासाठी.

घरी आल्यावर आईला विचारलं, तू अर्पण का टाकत राहिलीस? म्हणाली, "मग काय, त्यांच्यापायी मी देवाची बाकी ठेवू?"

प्रार्थनेचं: आवाज अजून त्यांचाच येतो. टीचर, मी आता डोळे उघडत नाही. मनात आहे ते सांगते, त्यात बरंचसं त्यांच्याबद्दलच असतं.

गेल्या रविवारी गेले होते. उपदेश एका रिटायर्ड शिक्षकांनी केला, फार लांबला. वळवाचा पाऊस आला, तिसऱ्या बाकाखाली बादली ठेवली होती, ती दुसऱ्या गीताच्या मध्येच भरली. मी उठून बाहेर ओतून आले आणि परत ठेवली.

नगरी_चहा

बादलीची पावती घेतलीत का? नंबर बघून घ्या.